कुंपणानेच शेत खाल्लं: घाणेरी, निवडुंग आणि मातीत राहिलेले बुडखे

ऐकायला वेळ नसेल, बसमध्ये हेडफोन विसरला असाल, तर हा एपिसोड वाचून काढा. नेहमीप्रमाणे बोललो तसंच लिहिलंय, फक्त मधले "अं... म्हणजे..." काढून टाकलेत.

आजची गोष्ट आमच्या परड्यातून सुरू होते. परडं म्हणजे घरामागची मोकळी जागा. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, डोंगराच्या कडेला. परड्याला तीन बाजूंनी घाणेरीचं कुंपण होतं. तेच झुडूप, ज्याला कुणी टणटणी म्हणतं, कुणी रायमुनिया. गडावर चढताना अंगाला घासतं, पान चुरगळलं की उग्र वास येतो, आणि एकाच गुच्छात पिवळी, केशरी, गुलाबी अशी बारीक फुलं असतात. लहानपणी त्याची काळी फळं आपण सगळ्यांनी खाल्लीत. (हिरवी खाऊ नका, ती विषारी असतात.)

हे कुंपण आजोबांनी लावलं, साधारण १९६५-६६ च्या आसपास. कारण सोपं होतं. तारेला पैसे नव्हते, आणि घाणेरीला गुरं तोंड लावत नाहीत. फुकटचं कुंपण, पाणी नको, खत नको.

मग आला १९७२ चा दुष्काळ. चारा संपला. आजीची एक कालवड होती, तिने भुकेपोटी कुंपणाचा पाला खाल्ला. आजी अजूनही सांगते, "दोन दिवसांनी डोळं पिवळं झालं, उन्हात बांधली तर कातडं सोलून निघालं." आठवड्यात कालवड गेली. मी इंजिनीअर माणूस, मला वाटायचं आजी वाढवून सांगते. नंतर वाचलं तेव्हा कळलं की घाणेरीच्या पानातली लॅन्टाडीन नावाची द्रव्यं गुरांचं यकृत बिघडवतात. यकृत बिघडलं की हिरव्या चाऱ्यातून तयार होणारा एक पदार्थ रक्तातच साठत जातो, आणि ऊन लागलं की कातडी भाजते. आजीने सांगितलेलं लक्षण न् लक्षण पशुवैद्यकाच्या पुस्तकात आहे.

तर आजी पन्नास वर्षं म्हणत होती, "ही घाण काढा." आणि पन्नास वर्षं कुणाकडे पैसे नव्हते, वेळ नव्हता. मागच्या वर्षी पप्पांनी भिंत घालायची ठरवली. बोळातून जेसीबी आत शिरेना. मग गावातले एक नाना आणि त्यांच्याबरोबर दोन माणसं, कोयते आणि कुऱ्हाडी. मे महिन्यात चार दिवसांत सगळं कुंपण भुईसपाट. आजीला खुर्ची टाकून दिली होती, ती दिवसभर बघत बसली.

जमिनीत फक्त बुडखे राहिले. मोजले, एकशे बारा.

जुलैमध्ये मी गावी गेलो तर एकेका बुडख्याला सहा-सहा, सात-सात फुटवे. आधी एक खोड होतं तिथे आता झुपका. आजी एवढंच म्हणाली, "आरं लेका, केस कापल्यानं डोकं जातंय व्हय?"

तिथून मी शोधायला लागलो. आणि जे सापडलं त्यात रंगाचा व्यापार आहे, इंग्रजांचा मीठकर आहे, वाघ आहेत आणि एक उलटं टाकलेलं झुडूपही आहे. चला.

बुडखा फुटतो का?

आधी थोडं विज्ञान, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे.

झाडाच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते खाली झिरपत राहतं. त्याचा खालच्या डोळ्यांना निरोप असा की, "मी वर आहे, तुम्ही गप्प बसा." शेंडा तोडला की निरोप बंद. मग खोडाच्या तळाशी झोपलेले डोळे एकदम जागे होतात. एक मॅनेजर गेला आणि सात जणांनी एकदम प्रमोशन मागितलं, तसं काहीसं. त्यांना लागणारं अन्न मुळांत साठवलेलं असतंच, आणि सात झुडपांएवढं पाणी ओढायला मुळांचं तयार जाळंही.

हे शेतकऱ्याला नवीन नाही. ऊस तोडल्यावर खोडवा ठेवतो तो याच जोरावर. नवीन बेणं नाही, नवीन लावण नाही, बुडख्यातूनच दुसरं पीक. वनखातं सागाची लागवड करतं तीही बऱ्याचदा स्टंप लावूनच: रोपाचा शेंडा छाटायचा, मूळ छाटायचं आणि मधला तुकडा जमिनीत खोचायचा. म्हणजे बुडखा फुटणं ही आपण हजारो वर्षं वापरलेली गोष्ट आहे. ती नको असते तेव्हाच डोक्याला ताप होते.

बुडख्यांशी माणसाचं जुनं भांडण

नको असलेल्या बुडख्याचं काय करायचं? जगभर लोकांनी सगळं करून बघितलंय. जाळलं, बैल लावून ओढलं, साखळदंड आणि रहाट लावून उपटलं. अमेरिकेत तर १९१० च्या सुमारास स्फोटकं बनवणाऱ्या कंपन्या शेतकऱ्यांना पुस्तिका वाटायच्या: सुरुंग लावून बुडखे कसे उडवायचे. पहिल्या महायुद्धानंतर लष्कराकडे स्फोटकांचा साठा उरला होता. १९२० च्या दशकात तिथल्या सरकारने त्यापासून पायरोटॉल नावाचं स्वस्त स्फोटक बनवून शेतकऱ्यांना दिलं. कशासाठी? मुख्यतः शेतातले बुडखे आणि दगड उडवायला! सैनिकांसाठी बनवलेली दारू शेवटी झाडांच्या मुळांवर खर्च झाली.

नंतर रसायनं आली. ताज्या कापलेल्या बुडख्यावर तणनाशक लावायचं, ते मुळापर्यंत जातं. ही पद्धत चालते, पण आपल्याकडे विहीर दहा पावलांवर असते, कोंबड्या परड्यात फिरतात. शिवाय २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध आणले. पेस्ट कंट्रोलचं काम करणाऱ्यांमार्फतच ते वापरायचं असं ठरलं.

आमच्याकडे काय काय झालं सांगू? पप्पांनी बुडख्यांवर पाचट टाकून जाळलं. वरचं काळं झालं, पंधरा दिवसांत खालून फुटलं. शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून मीठ टाकलं. मातीची वाट लागली, तिथला गवती चहा मेला, घाणेरी जिवंत. मग कुणीतरी म्हणालं जळकं ऑईल ओता. आजीने काठी उगारली आणि तो विषय संपला.

आता इतिहासाकडे वळू. मला प्रश्न पडला होता: आपल्या देशात याआधी मोठं कुंपण कुणी काढलंय का? आणि त्याच्या बुडख्यांचं काय झालं?

पहिलं कुंपण: जे मागमूस न ठेवता गेलं

उत्तर आहे, काढलंय. तेही जगातलं सगळ्यात मोठं.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मिठावर जबर कर लावला होता. संस्थानांतलं स्वस्त मीठ कर चुकवून इंग्रजी मुलखात येऊ नये म्हणून त्यांनी देशाच्या मधोमध एक जकात रेषा आखली. वायव्येला सिंधू नदीपासून खाली बुऱ्हाणपूरपर्यंत, आणि तिथून पूर्वेकडे ओडिशाच्या दिशेने. बुऱ्हाणपूर म्हणजे आपल्या खानदेशाच्या उंबऱ्यावर. पूर्ण रेषा सुमारे ४००० किलोमीटर, आणि तिच्या मोठ्या भागावर चक्क काटेरी कुंपण. काही ठिकाणी जिवंत झाडांचं, काही ठिकाणी वाळक्या फांद्यांचं. राखणीला सुमारे १२ हजार माणसं.

या कुंपणाला खरं रूप दिलं ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमने. हो, तोच ह्यूम, ज्याचं नाव १८८५ च्या काँग्रेसच्या स्थापनेत आपण शाळेत पाठ केलं. त्याआधी, १८६७ ते १८७० या काळात, तो या जकात खात्याचा प्रमुख होता. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर, जिथे जे जगेल ते त्याने लावलं. चांगल्या ठिकाणी कुंपण दहा ते चौदा फूट उंच व्हायचं.

पण ते टिकवता टिकवता खात्याच्या नाकी नऊ आले. वाळवी लागायची, टोळधाड यायची, वणवे, वादळं, झाडांवर चढणाऱ्या वेली. उंदीर इतके झाले की मांजरं आणून सोडावी लागली.

१८७९ मध्ये रेषा रद्द झाली आणि कुंपण सोडून दिलं. आणि मग? गायब! रॉय मॉक्सहॅम नावाच्या इंग्रज लेखकाने १९९० च्या दशकात नकाशे घेऊन ते शोधायला अनेक फेऱ्या मारल्या. शेवटी इटावा जिल्ह्यात त्याला एक मातीचा बांध आणि त्यावरची काही काटेरी झाडं सापडली. २००१ मध्ये त्याचं पुस्तक आलं तेव्हा कितीतरी भारतीयांना या कुंपणाबद्दल पहिल्यांदाच कळलं.

शेकडो किलोमीटरचं जिवंत कुंपण सव्वाशे वर्षांत पुसलं गेलं. आणि आमच्या परड्यातली एकशे बारा झुडपं जाईनात. असं का?

मला सुचलेलं उत्तर असं. बाभूळ, बोर, करवंद ही इथली झाडं. त्यांना इथे गिऱ्हाईक आहे. शेळी बाभळीचा पाला खाते, बुडखा सरपणाला जातो, वाळवी लागते, शेतकरी औत घालतो. जकात खात्याला जे जे शत्रू वाटले, तेच सगळे कुंपण सोडून दिल्यावर ते संपवायला आले. बुडखा मरायला त्याला खाणारं कुणीतरी लागतं.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढची दोन्ही कुंपणं यावर तपासून बघू.

दुसरं कुंपण: निवडुंग

निवडुंग, म्हणजे फड्या निवडुंग, आपल्याला इतका आपला वाटतो की तो अमेरिका खंडातला पाहुणा आहे हे पटत नाही. तो भारतात पसरण्यामागे एक कारण रंगाचं आहे.

मेक्सिकोत निवडुंगावर कोचिनिअल नावाचा बारीक किडा वाढतो. तो वाळवून, कुटून भडक किरमिजी रंग मिळतो. अठराव्या शतकात या धंद्यावर स्पेनची मक्तेदारी होती आणि रंग सोन्याच्या भावाने विकला जायचा. ईस्ट इंडिया कंपनीला वाटलं, आपणही करू. मद्रासला जेम्स अँडरसन नावाच्या डॉक्टरने त्यासाठी निवडुंगाची बागच उभी केली. आणि १७९५ मध्ये कॅप्टन नील्सन हा अधिकारी ब्राझीलमधून किडे घेऊन कलकत्त्याला पोचला.

गंमत अशी, की आणलेला किडा चुकीचा निघाला. दिसायला भाऊबंद, पण रंग हलका. धंदा बुडाला. किडा मात्र इथल्या निवडुंगाच्या एका जातीवर असा तुटून पडला की मैलोन् मैल निवडुंग आडवा झाला. रंगासाठी आणलेला किडा तणाचा काळ ठरला. मग लोकांनी डोकं चालवलं: १८३६ ते १८३८ च्या दरम्यान तोच किडा दक्षिण भारतात मुद्दाम नेला, निवडुंग मारण्यासाठी. एक तण मारायला त्याचा शत्रू मुद्दाम नेऊन सोडण्याचं हे जगातलं पहिलं उदाहरण मानतात. प्रॉडक्ट फेल गेलं आणि बग हेच फीचर झालं, म्हणा ना.

पण निवडुंगाच्या सगळ्याच जातींना तो किडा खात नव्हता. दुसऱ्या काटेरी जाती शेतांच्या कुंपणांतून बाहेर पडून गावठाणात, माळावर पसरत राहिल्या. तोडून काय उपयोग? निवडुंगाचा फड तोडून टाकला की जिथे पडेल तिथे मुळं धरतो. एक तोडा, दहा लावा, असं ते काम. मग १९२६ मध्ये श्रीलंकेतून दुसऱ्या जातीचा कोचिनिअल किडा दक्षिण भारतात आणला. पाच-सहा वर्षांत प्रचंड मोठ्या भागातला निवडुंग त्याने वाळवून टाकला. फडावर कापसासारखं पांढरं दिसतं ना, ते बोटाने चुरडलं तर बोट लाल होतं? तोच तो.

ऑस्ट्रेलियात यापेक्षा मोठं नाटक झालं. तिथे १७८८ मध्ये पहिल्या ब्रिटिश ताफ्याबरोबरच निवडुंग गेला, तोही कोचिनिअलसाठीच. नंतर आणखी जाती कुंपणाला म्हणून आल्या. १९२५ पर्यंत सुमारे २ कोटी ४० लाख हेक्टर जमीन निवडुंगाखाली. लोक घरंदारं सोडून गेले. मग अर्जेंटिनातून एका पतंगाची अंडी आणली. त्याच्या अळ्या फडाच्या आत शिरून तो पोखरतात. सात-आठ वर्षांत निवडुंग कोसळला. क्वीन्सलँडमधल्या बूनार्गा गावातल्या लोकांनी १९३६ मध्ये आपल्या सभागृहाला त्या पतंगाचंच नाव दिलं.

म्हणजे दुसऱ्या कुंपणाचा हिशेबही जुळला. खाणारा आला, कुंपण गेलं.

तिसरं कुंपण: घाणेरी

आता आपली बाई.

घाणेरी, लॅन्टाना कमारा, मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. सतराव्या शतकातच ती युरोपच्या बागांत पोचली. तिथल्या माळ्यांना तिची फुलं इतकी आवडली की त्यांनी जातींचे संकर करून शेकडो रंगीत वाण काढले. लक्षात घ्या, आपल्या डोंगरावर आहे ती रानातली मूळ वनस्पती नाहीच. ती माणसाने बागेत घडवलेली मिश्र वनस्पती आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती कलकत्त्याच्या कंपनी बागेत आली. तिथून, आणि नंतर पुन्हा पुन्हा बाहेरून, ती छावण्यांत, बंगल्यांच्या आवारात, चहा-कॉफीच्या मळ्यांत गेली. शोभेला आणि कुंपणाला. साहेबाच्या बंगल्याला जे कुंपण शोभतं ते गावाने उचललं. आमच्या आजोबांनी काही परदेशी रोप मागवलं नव्हतं. शेजारच्या बांधावरून फांदी आणून खोचली होती.

पुढचं काम बुलबुलांनी केलं. फळ खायचं, उडायचं, दुसऱ्या झाडावर बसून बी टाकायचं. जिथे झाडं तोडली, जिथे ऊन जमिनीवर पोचलं, तिथे घाणेरी हजर. तिच्या झुडपाखाली दुसरं रोप सहसा उगवत नाही. गवत जातं. गवत गेलं की चितळ-सांबर जातात, आणि त्यांच्यामागे वाघाची पंचाईत. २०२० मध्ये भारतीय संशोधकांनी केलेल्या अभ्यासानुसार वाघांच्या पट्ट्यातल्या जंगलांपैकी दीड लाख चौरस किलोमीटरहून जास्त, म्हणजे ४० टक्क्यांवर क्षेत्रात घाणेरी आहे. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ साधारण ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर. निम्मा महाराष्ट्र धरा!

कुंपणानेच शेत खाल्लं, असं आपण म्हणतो. इथे त्याने जंगल खाल्लं.

मग हिचा खाणारा का नाही आणला? आणला की. हवाई बेटांवर १९०२ मध्येच मेक्सिकोतून घाणेरीचे किडे नेले होते. भारतात १९२१ मध्ये तिच्या बिया पोखरणारी माशी आणली, १९४१ मध्ये पानांचा रस शोषणारा जाळीदार ढेकूण देहरादूनला आला. जगभर मिळून कितीतरी जातींचे किडे सोडून झाले. पानं करपतात, फुलं कमी येतात, एखाद्या वर्षी झुडूप मलूल दिसतं. पण पाऊस पडला की पुन्हा तयार.

कारणं दोन. एक, घाणेरी हा शेकडो वाणांचा संकर. किड्याला एक वाण आवडतो, दुसरा चालत नाही. दुसरं, निवडुंगाचा सगळा साठा त्याच्या फडात, किडा तोच खातो. घाणेरीचा जीव मात्र जमिनीलगत, जिथे पानं खाणारा किडा पोचतच नाही.

म्हणजे पुन्हा बुडखाच!

बुडखा उलटा करा

इथे येतात दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू. कॉर्बेट व्याघ्रप्रकल्पात त्यांच्या चमूने घाणेरीकडे वेगळ्या नजरेने बघितलं. प्रश्न साधा विचारला: फुटवे नेमके येतात कुठून?

उत्तर मिळालं, खोड आणि मूळ जिथे जुळतात तिथल्या छोट्याशा पट्ट्यातून. झोपलेले डोळे तिथे असतात. त्याखालच्या मुळाला डोळे नाहीत, ते एकटं राहिलं तर फुटत नाही. म्हणजे जमिनीच्या वर कापणं चूक, कारण डोळे शाबूत राहतात. आणि जेसीबी लावून सगळं मूळ उपटणंही चूक, कारण माती उलथते आणि वर आलेलं बी उगवायला तयार होतं.

त्यांची पद्धत २००९ मध्ये एका शोधनिबंधात आली. तीन पायऱ्या. कुदळीने बुडख्याभोवतीची माती थोडी बाजूला करायची. जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर सोटमूळ तोडायचं, म्हणजे डोळ्यांचा पट्टा वरच्या तुकड्याबरोबर निघतो. आणि मग ते झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं आकाशाकडे, म्हणजे पुन्हा माती धरणार नाही. बस.

इतकं सोपं? हो आणि नाही. नंतर दोन-तीन वर्षं मागे लागावं लागतं. पक्षी जिथे बसतात त्या झाडांखाली नवी रोपं येतात, ती उपटायची. आणि मोकळी जागा मोकळी ठेवायची नाही, तिथे इथलं गवत वाढवायचं. जंगलखात्याची पूर्वीची बरीच मेहनत वाया गेली ती इथेच. कापलं, फोटो काढला, बिल पास झालं. पुढच्या पावसाळ्यात कुणी बघायला गेलं नाही.

कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन डोंगरातल्या सोलिगा आदिवासींचं म्हणणं तर आणखी मागे जातं. ते पूर्वी उन्हाळा तापण्याआधी पालापाचोळ्याला हलकी आग लावायचे, तिला ते तरगु बेंकी म्हणतात. तिच्यात घाणेरीची कोवळी रोपं मरायची आणि मोठी झाडं वाचायची. जंगल संरक्षित झालं, आगीला बंदी आली, आणि त्यानंतर घाणेरी माजली, असं ते सांगतात. मोठ्या झुडपांना भर उन्हाळ्यातला वणवा मारत नाही, उलट बुडख्यातून ती जोमाने फुटतात. आग एकच, पण कधी आणि केवढी, यात सगळं आलं. हे ज्यांना माहीत होतं त्यांना आपण विचारलं नाही.

आज त्याच भागात घाणेरीच्या फांद्यांपासून खुर्च्या-टेबलं बनतात. आणि निलगिरीतल्या आदिवासी कारागिरांनी बनवलेले घाणेरीचे मोठाले हत्ती २०२१ मध्ये लंडनच्या बागांत उभे होते, नंतर अमेरिकेतही गेले. युरोपच्या बागेतून आलेलं झुडूप हत्ती होऊन परत गेलं. छान आहे, पण अशाने घाणेरी संपणार नाही. काढायच्या कामाला चार पैसे मिळतात, एवढाच त्याचा आधार.

पुन्हा परड्यात

ऑगस्टमध्ये जमीन ओली असताना मी चार दिवस सुट्टी टाकली. नानांना मोबाईलवर चित्रं दाखवली. त्यांनी बघितली आणि म्हणाले, "अरे, हराळीला आम्ही हेच करतो. मुळाचा गड्डा काढल्याबिगर ती जाती का?" मग मे महिन्यात का नाही सांगितलं, असं मी विचारलं. नाना म्हणाले, "तुम्ही कापायला सांगितलं होतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑफिसमध्ये आम्ही याला रिक्वायरमेंट चुकली म्हणतो.

एकशे बारा बुडखे. पहिल्या दिवशी मी नऊ काढले आणि हाताला फोड आले. नानांनी एकट्याने तीस काढले. काही बुडखे मांडीएवढे जाड होते, आजोबांच्या हातचे असणार. ते उलटे करून रांगेत ठेवले तेव्हा बरोबर कुंपणाची रेघ दिसत होती. पप्पांनी आधी भिंतीच्या खुणा तिथे पक्क्या केल्या आणि मगच ढीग हलवला. शेजाऱ्यांशी उगाच वाद नको, साठ वर्षं तीच हद्द होती.

हिशेब सांगतो. दिवाळीपर्यंत एकशे बारापैकी सात पुन्हा फुटले. तपासलं तर तिथे आम्ही वरच कापलं होतं, घाईत. ते पुन्हा काढले. आंब्याखाली मात्र घाणेरीची चाळीसेक नवी रोपं आली होती, बोटाएवढी. ती उपटायला काही लागत नाही, फक्त वाकावं लागतं. पण पुढची दोन वर्षं प्रत्येक पावसाळ्यात वाकावं लागणार. मी कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावलाय.

वाळलेले बुडखे आजीने चुलीला लावले. पाणी तापवायला, रोज सकाळी. मी म्हटलं, "आजी, पन्नास वर्षांनी गेली एकदाची." ती चुलीतलं लाकूड पुढे सारत म्हणाली, "अजून दोन पावसाळं बघू."

तर मंडळी, तुमच्यासाठी या वेळचं काम. घरी कुणी जुनं माणूस असेल तर विचारा: गावात निवडुंग होता का, तो कधी गेला, कसा गेला? आणि घाणेरी गावात कुठून आली? उत्तर व्हॉइस नोटमध्ये पाठवा, पुढच्या एपिसोडला लावू. आणि या सुट्टीत घरचं जुनं कुंपण काढणार असाल, तर कोयत्याआधी कुदळ घ्या.

भेटू पुढच्या वेळी!